सहेरीला गिलके फुलते, इफ्तारला दुधी

मगरिबच्या अजानला दहा-पंधरा मिनिटे उरलेली असतात. दस्तरखान अंथरलेला असतो, खजुराची ताटली मध्ये ठेवलेली असते, टरबुजाच्या फोडी झाकलेल्या असतात. घरातली पोरे घड्याळाकडे आणि मशिदीच्या भोंग्याकडे कान लावून बसलेली. नेमक्या त्या वेळी मागच्या दारी, मोरीजवळच्या मांडवावर दुधी भोपळ्याचे पांढरे फूल उमलू लागते. दिवसभर मिटून बसलेली कळी उन्हे उतरल्यावर सैल होते आणि अंधार पडेपर्यंत पाची पाकळ्या पसरून मोकळी होते. ज्याने दिवसभर रोजा धरला आहे त्याला हे फूल पाहून हसू येते. त्याचाही रोजा आत्ताच सुटलेला असतो.

मुक्ताईनगरच्या जुन्या वस्तीत, जिथे अजून घरामागे चार हात माती शिल्लक आहे, तिथे हे दृश्य नवे नाही. एदलाबाद हे नाव ज्यांच्या तोंडी अजून येते, त्या पिढीला परसदार नसलेले घर ठाऊकच नव्हते. मोरीचे पाणी जिथे जाई तिथे केळीचे एखादे बेट, अळू, कढीपत्ता आणि पुदिना असायचाच. कुंपणावर गिलके चढलेले, शेवग्याच्या शेंगा लोंबलेल्या, लिंबाच्या झाडाखाली कोंबड्या. आता पुष्कळ घरांच्या मागे फरशी आली. मोटारसायकल ठेवायला जागा झाली, चिखल गेला आणि त्याबरोबर गिलकेही गेले. तरी ज्यांच्याकडे दोन वाफे उरले आहेत, किंवा गच्चीवर चार कुंड्या मावतात, त्यांना उन्हाळी भाजीचा आनंद आजही मिळतो. यंदाचा रमजान तर ती लावण्याच्या ऐन हंगामात आला आहे.

दोन पहारे

वेलभाज्यांची एक गंमत शेतकऱ्याला ठाऊक असते, शहरात राहणाऱ्याला सहसा नसते. सगळ्या वेलांची फुले एका वेळी उमलत नाहीत. गिलके, कारले, काकडी यांची पिवळी फुले पहाटेपासून सकाळपर्यंत उघडतात. दुधी आणि दोडक्याची फुले संध्याकाळी. सकाळच्या फुलांवर मधमाशा येतात, संध्याकाळच्या फुलांवर अंधारात पतंग येतात. म्हणजे परसबागेचे दोन पहारे आहेत. एक सहेरीनंतरचा, दुसरा इफ्तारच्या वेळचा. रोजेदाराचा दिवस ज्या दोन टोकांना बांधलेला असतो, त्याच दोन टोकांना बागही जागी असते.

ही नुसती गंमत नाही, तिचा उपयोगही आहे. या वेलांवर नर फूल वेगळे आणि मादी फूल वेगळे. नर फुलाचा देठ नुसता लांब असतो. मादी फुलाच्या मागे बोटाएवढे इवलेसे फळ असते. पहिले आठ-दहा दिवस बहुतेक नर फुलेच येतात आणि गळून पडतात. नवखा माणूस घाबरतो, वेल वांझ निघाला म्हणतो. वेल वांझ नसतो, त्याला थोडा वेळ हवा असतो. पुढे मादी फुले येतात, पण गावात माशा कमी असल्या तर तीही पिवळी पडून गळतात. अशा वेळी नर फूल खुडावे, पाकळ्या मागे सारून त्यातला पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावा. काम मिनिटभराचे. गिलक्याचे फजरनंतर, दुधीचे मगरिबनंतर. तरावीहला निघण्यापूर्वी मागच्या दारी चक्कर मारून दोन फुले जुळवून येणाऱ्याला आठवडाभराने दुधी धरलेला दिसतो. दुधीचा शेंडा पाच-सहा पानांवर खुडला तर बाजूच्या फांद्या फुटतात आणि मादी फुले त्या फांद्यांवर जास्त येतात, हेही लक्षात ठेवण्यासारखे.

पाणी घालण्याची वेळही हीच. भर दुपारी घातलेले पाणी अर्धे मुळाशी पोचण्याआधी वाफ होऊन जाते. पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर घातलेले पाणी मातीत उतरते. सहेरी उरकली, अजान झाली, नमाज झाली की पुन्हा झोपण्यापूर्वीची वीस मिनिटे बागेला दिली तर दिवसाचे काम संपते. उपाशीपोटी उन्हात राबण्याची गरज पडत नाही.

चंद्राचे पंचांग, सूर्याची भाजी

रमजान चंद्रावर चालतो, भाजी सूर्यावर. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून रमजान दरवर्षी तेवढा मागे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २०१८ साली रमजान मेच्या मध्यावर सुरू होऊन जूनच्या मध्यावर संपला होता. तेव्हा खानदेशातल्या रोजेदारांनी ऐन भट्टीतले रोजे धरले, पण इफ्तारच्या ताटात घरची काकडी आणि गिलक्याची भजी होती. यंदा, १४४७ हिजरीचा रमजान फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सुरू झाला. ईद मार्चच्या विसाव्या-एकविसाव्या तारखेच्या सुमारास. थंडी नुकतीच गेलेली, भरताच्या वांग्यांचा हंगाम सरत आलेला आणि उन्हाळी वेलांची पेरणी चालू. चार वर्षांनी, २०३० मध्ये, रमजान एकाच इंग्रजी वर्षात दोनदा येईल, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरअखेरीस. तेव्हा दस्तरखानावर मेथी, पालक, मटार आणि भरीत असेल.

म्हणून यंदाच्या रमजानची गोष्ट वेगळी आहे. हा महिना लावण्याचा आहे, खाण्याचा नाही. पहिल्या रोज्याला पेरलेली तांदुळजा आणि कोथिंबीर महिनाभरात, म्हणजे ईदच्या आगेमागे खुडायला येते. भेंडी, गवार आणि काकडीला दीड ते दोन महिने लागतात. गिलके, दोडके, दुधी यांना सुमारे दोन महिने. हिशोब करून पाहावा. रमजानच्या पहिल्या आठवड्यात टोकलेले गिलके एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात फळावर येईल, म्हणजे नेमके आखाजीला. खानदेशात आखाजी म्हणजे लेकी माहेरी येण्याचा, झोक्यांचा आणि आमरसाचा सण. एका मोहल्ल्यात रोजे धरून लावलेला वेल शेजारच्या गल्लीत झोके बांधले जातील तेव्हा फळेल. वेलाला दोन्ही पंचांगे सारखीच.

काळ्या मातीत काय लावावे

तापी-पूर्णेकाठची माती काळी, चिकण, पाणी धरून ठेवणारी. पावसाळ्यात ती चिकटते, उन्हाळ्यात भेगाळते. बागेला ती चांगलीच, फक्त तिला मोकळी करावी लागते. हातभर लांब, हातभर रुंद आणि तेवढेच खोल आळे खणून त्यात अर्धी माती, अर्धे जुने शेणखत आणि पाटीभर वाळलेला पालापाचोळा मिसळला की वेलाला घर मिळाले. ताजे शेण घालू नये. त्यात उष्णता असते आणि हुमणीही येते. एका आळ्यात तीन-चार बिया टोकाव्यात, उगवल्यावर जोरदार दोन ठेवून बाकीच्या काढाव्यात. दोन आळ्यांत चार-पाच फुटांचे अंतर हवे.

गिलके, दोडके, कारले, दुधी यांचे कवच टणक. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून, ओल्या फडक्यात दिवसभर बांधून लावले तर लवकर उगवते. भेंडीचे बीही रात्रभर भिजवावे. तिला दोन ओळींत फूटभर आणि दोन रोपांत वीतभर अंतर पुरते. एका चौघांच्या घराला भेंडीची पंधरा-वीस रोपे, गिलक्याची दोन आळी, दुधीचे एक, काकडीची दोन, कारल्याचे एक आणि कडेला तांदुळज्याचा पट्टा एवढे पुष्कळ झाले. हौसेने सगळेच लावले की मेमध्ये सगळेच मरते.

मांडवाला बाजारातून काही आणावे लागत नाही. कापूस निघाल्यावर उरलेल्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या खेड्याकडून येणारा कोणीही आणून देतो. केळीच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला दोरीही विकत घ्यायला नको. वाळलेले केळीचे सोपट ओले करून फाडले की वेल बांधायला मऊ, न काचणारी दोरी तयार. त्याच केळीची वाळकी पाने आळ्यावर चार बोटे जाड अंथरली तर माती गार राहते, भेगा पडत नाहीत आणि पाण्याची एक पाळी वाचते.

गच्चीवर लावणाऱ्यांनी वेलासाठी लहान कुंडी घेऊ नये. वीस-पंचवीस लीटरची बादली किंवा रंगाचा जुना डबा, तळाला भोके पाडून, चालतो. पुदिन्याला पसरट टोपले बरे. बाजारातून आणलेल्या जुडीतल्या चार जाड काड्या पेल्यातल्या पाण्यात ठेवल्या की आठवड्यात मुळ्या फुटतात. त्या सावलीत लावाव्यात. इफ्तारच्या चटणीला रोज मूठभर पुदिना मिळाला की आणखी काही मागायला नको.

वजूचे पाणी

मुक्ताईनगर दोन नद्यांच्या कुशीत आहे. पूर्णा जवळून वाहते, चांगदेवला ती तापीला मिळते, हतनूर धरणाचे फुगवटा पाणी तालुक्याच्या दारात येऊन उभे राहते. तरीही उन्हाळ्यात घराघरात पाण्याचा हिशोब ठेवावा लागतो, कारण नदीत दिसणारे पाणी आणि नळाला येणारे पाणी यांत फरक असतो. अशा वेळी भाजीला पाणी घालणे ही चैन वाटू शकते. पिण्याचे पाणी भाजीला घालू नये, हे खरेच. पण घरातून वाहून जाणारे पाणी किती असते, हे कोणी मोजत नाही.

वजूचे पाणी घ्या. त्यात साबण नसतो, तेल नसते, मीठ नसते. हदीसच्या ग्रंथांत पैगंबर साहेब एका मुद्द पाण्यात वजू करीत असल्याचे आले आहे. मुद्द म्हणजे दोन्ही हातांची ओंजळ भरेल एवढे माप, पाऊण लीटरच्या आतबाहेर. वाहत्या नदीकाठी बसला असलात तरी वजूत पाणी वाया घालवू नका, अशी शिकवणही सांगितली जाते. आज उघड्या नळाखाली मिनिटभर वजू केला तरी पाच-सहा लीटर सहज जाते. बदन्याने किंवा लोट्याने केला तर दोन लीटरमध्ये भागते. चार माणसांचे घर, पाच वेळची नमाज, दर वेळी दोन लीटर. दिवसाला चाळीस लीटर झाले. सहा आळ्यांना प्रत्येकी सहा लीटर दिले तरी छत्तीसच होतात. म्हणजे एका घराच्या वजूवर एका घराची वेलभाजी पोसता येते. त्यासाठी वजूच्या जागेखाली घमेले ठेवणे किंवा मोरीचा पाइप गटाराऐवजी वाफ्याकडे वळवणे एवढेच काम. मशिदीच्या हौदावरचे पाणी तर याच्या कितीतरी पट. मशिदीच्या आवारात दोन झाडे आणि एक वाफा त्यावर आनंदाने वाढतील.

डाळ-तांदूळ आणि भाज्या धुतलेले पाणीही तसेच चांगले. भांड्यांचे साबणाचे पाणी पालेभाजीला नको, ते केळीला किंवा पपईला द्यावे. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर पडणारे पाणी आणि कुलरच्या टाकीच्या तळाशी उरलेले पाणी मात्र रोज घालू नये. त्यात क्षार साठलेले असतात आणि काळ्या मातीत ते पांढऱ्या थरासारखे वर येतात. ते फरशी पुसायला वापरावे.

पाणी मुरवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय घरातच पडलेला असतो. पाझरणारा जुना माठ. आळ्याच्या मध्यभागी तो गळ्यापर्यंत पुरावा, पाण्याने भरावा आणि वर झाकण ठेवावे. माठाच्या भिंतीतून पाणी मुळांना हवे तेवढेच पाझरते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका चिनी शेतीग्रंथात असा माठ पुरून त्याच्याभोवती खरबूज लावण्याची रीत सांगितली आहे. ठिबकचे नाव जळगाव जिल्ह्यात लहान मुलालाही ठाऊक असते. माठ हे त्याचे आजोबा म्हणायला हरकत नाही. शेतात बदललेल्या ठिबकच्या जुन्या नळ्या मिळाल्या तर त्याही परसदारी चालतात.

या मुलखाला पाणी जपण्याचा धडा नवा नाही. मुक्ताईनगरहून बऱ्हाणपूर लांब नाही. तिथे १६१५ च्या सुमारास मोगल सुभेदार अब्दुर्रहीम खानखाना याच्या काळात सातपुड्यातले झिरपते पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, शंभरेक कुंड्यांच्या ओळीने शहरात आणले गेले. त्याला कुंडी भंडारा म्हणतात आणि तो आजही पाहता येतो. हिंदी दोहे लिहिणारा रहीम तो हाच. त्याचा पाण्यावरचा दोहा शाळेच्या पुस्तकातून पुष्कळांना ठाऊक आहे. ज्याने पाण्याची किंमत कवितेत सांगितली, त्याच्याच काळात पाणी जमिनीखालून, उन्हापासून वाचवून आणण्याची ही सोय झाली.

मेचा इम्तिहान

खरी परीक्षा ईदनंतर सुरू होते. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मेमध्ये पारा ४५ अंशांच्या वर जातो. तेव्हा दुपारी वेलाची पाने कोमेजून लोंबतात. संध्याकाळी ती पुन्हा उभी राहिली तर काळजी नको. सकाळीही लोंबलेली दिसली तर पाणी कमी पडते आहे. अर्धी सावली देणारी हिरवी जाळी पश्चिमेकडून बांधली तर वेल वाचतो. जाळी नसली तर जुनी सुती साडी किंवा ओढणीही चालते. ऊन फार असले की परागकण मरतात आणि फुले धरत नाहीत. त्या दोन-तीन आठवड्यांत फळे कमी येतील, हे मान्य करावे.

पाणी तुटू लागले तर काय करायचे, हा निर्णय आधीच करून ठेवावा. सगळ्या वेलांना थोडे-थोडे पाणी देऊन सगळेच मारण्यापेक्षा काही वेल काढून टाकणे बरे. पहिल्यांदा काकडी जाते, तिला पाणी सर्वांत जास्त लागते. मग दुधी. गवार आणि तांदुळजा शेवटपर्यंत टिकतात. गिलक्याचा एक जोमदार वेल मात्र काही झाले तरी वाचवावा. फळलेला वेल स्वतःच्या हाताने उपटणे जिवावर येते. ज्या घरात दोन महिने बी भिजवण्यापासून फूल जुळवण्यापर्यंत सगळे रोजे धरून केले, तिथे तर फारच. पण पाणी माणसांना आणि जनावरांना आधी, वेलाला नंतर, हा क्रम उलटा करता येत नाही.

पाण्याचा ताण पडला की आणखी एक धोका असतो. काकडी आणि दुधी कडू होतात. काकडीचा कडवटपणा देठाकडचा भाग कापून टाकला की बहुधा भागतो. दुधीचे तसे नाही. कडू दुधीचा रस पिऊन माणसे दगावल्याच्या घटना देशात घडल्या आहेत आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनेही दुधी कडू लागला तर तो अजिबात खाऊ नये, असा इशारा दिला आहे. शिजवल्याने किंवा साखर घातल्याने हे विष जात नाही. रोज्यात बाई स्वयंपाक न चाखता करते. म्हणून दालच्यात घालायचा दुधी सहेरीच्या वेळीच चिरून त्याचा बारीक तुकडा जिभेवर ठेवून पाहावा. कडू लागला की थुंकून टाकावा आणि सगळा दुधी फेकून द्यावा.

किडीचा बंदोबस्तही पहाटेचाच. वेलाची पाने कुरतडणारे तांबडे भुंगेरे गारव्यात सुस्त असतात, हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकता येतात. पन्नास ग्रॅम निंबोळ्या कुटून लीटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून संध्याकाळी फवारल्या की पांढरी माशी आणि तुडतुडे कमी होतात. भेंडीची पाने पिवळ्या जाळीसारखी दिसू लागली तर तो केवडा. त्यावर औषध नाही, ते रोप उपटून टाकावे. फळमाशी गिलक्याला आणि कारल्याला भोक पाडते. फळ बोटाएवढे असतानाच त्याला वर्तमानपत्राची सैल पिशवी बांधली की ते वाचते. वाचून झालेल्या या पानाचाही तेवढा उपयोग आहे.

बी कोणाचे

बाजारात दहा रुपयांना भाजी मिळत असताना एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारेल. प्रश्न चुकीचा नाही. घरची भाजी नेहमी स्वस्त पडतेच असे नाही. बी, खत, जाळी आणि वेळ सगळे धरले तर पहिल्या वर्षी ती महागही पडते. पण बाजारातून पिशवीभर गिलकी आणता येतात, आजीचे गिलके आणता येत नाही. जुन्या घरांत प्रत्येकीची वेगळी जात असायची. कोणाचे लांब, कोणाचे आखूड आणि सुगंधी, कोणाचे तळल्यावर तेल न पिणारे. गिलक्याची भजी ही तर खानदेशची खासियत. ती ज्या गिलक्याची चांगली होतात ते बी जपून ठेवले जाई. परसदार फरशीखाली गेले की ते बीही जाते. पुन्हा माती मोकळी केली तरी ते परत येत नाही.

हे किती मोलाचे आहे ते अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी महाराष्ट्राला दाखवून दिले. शाळेची पायरी न चढलेल्या या आदिवासी शेतकरी महिलेने आपल्या परसबागेत आणि शेतात गावठी वालपापड्या, पालेभाज्या, वेलभाज्या आणि धान्यांची बियाणी जपली. बायफ संस्थेच्या मदतीने बियाणे बँक उभी केली आणि बायकाबायकांत बी वाटले. बी घ्यायचे, पिकवायचे आणि परत द्यायचे, अशी तिथली रीत. बीबीसीने २०१८ मध्ये जगातल्या शंभर महिलांच्या यादीत त्यांचे नाव घेतले, २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. लोक त्यांना बीजमाता म्हणतात. त्यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती. परसदार होते आणि बी टाकून न देण्याची सवय होती.

मुक्ताईनगरच्या घरातही हे करता येते. वेलाच्या पहिल्या चांगल्या फळांपैकी एक खुडू नये. त्याला रंगीत दोरा बांधून ठेवावे, म्हणजे घरात कोणी चुकून तोडणार नाही. ते गिलके वेलावरच पिवळे, मग तपकिरी होऊन वाळते, हलवले की आत बिया खुळखुळतात. साल काढली की अंग घासायची जाळी मिळते आणि काळ्या चपट्या बिया हातात येतात. राखेत घोळवून काचेच्या बरणीत ठेवल्या की दोन-तीन वर्षे उगवतात. संकरित बियाण्याच्या वेलाचे बी ठेवू नये, त्याची पुढची पिढी आईसारखी निघत नाही. बी घेताना गावठी आहे ना, एवढे विचारून घ्यावे.

भिंतीवरून

परसबागेचा शेवटचा हिशोब भिंतीवर होतो. वेल कधी आपल्या हद्दीत राहत नाही. गिलके शेजारच्या पेरूवर चढते, दुधी पलीकडे लोंबतो. जुन्या गावात त्यावरून भांडणेही झाली असतील, पण बहुतेक वेळा भिंतीपलीकडे लोंबलेले फळ पलीकडच्याचे, असा न लिहिलेला करार असतो. रमजानमध्ये इफ्तारीच्या ताटल्या भिंतीवरून जातात. पलीकडच्या घरातून ताटली रिकामी परत येत नाही, त्यात कधी गूळ-शेंगदाणे असतात, कधी चार लिंबे. आखाजीला सांजोऱ्या इकडे येतात आणि ताटलीत गिलकी घालून ती परत जाते.

कुराणात यूनुस पैगंबरांची हकीगत आहे. माशाच्या पोटातून सुटून ते आजारी, उघड्या किनाऱ्यावर पडले तेव्हा अल्लाहने त्यांच्यावर एक वेल उगवला. बरेच भाष्यकार तो भोपळ्याचा वेल मानतात, ज्याची रुंद पाने सावली देतात. पैगंबर मुहम्मद साहेबांना दुधी आवडत असे, एका शिंप्याच्या घरच्या जेवणात ते ताटातल्या फोडी शोधून खात होते, अशी आठवण त्यांचे सेवक हजरत अनस यांनी सांगितली आहे. माणसाने लावलेल्या झाडाचे पक्ष्याने, जनावराने किंवा माणसाने जे खाल्ले ते लावणाऱ्याच्या नावे सदका होते, अशी हदीसही प्रसिद्ध आहे. त्यात पक्षी कोणाचा आणि माणूस कोणाचा, असे विचारलेले नाही. काकडीत चोच मारून जाणाऱ्या बुलबुलावर चिडणाऱ्याने ती हदीस आठवावी.

अजून काही रोजे बाकी आहेत. सव्वा महिन्याने येणाऱ्या आखाजीला गिलके हवे असेल तर आता उशीर झाला आहे. पण आज रात्री भिजवलेले बी उद्या सहेरीनंतर टोकले तर मेच्या पहिल्या पंधरवड्यात मांडव भरेल. आषाढी वारीसाठी मुक्ताईची पालखी पंढरपूरच्या वाटेला लागेल तोवर वेलावर एखादे गिलके वाळून खुळखुळत असेल. त्यातल्या दहा बिया बरणीत ठेवाव्यात, दहा भिंतीपलीकडे द्याव्यात. मृगाचा पाऊस पडला की दोन्ही अंगणांत एकाच वेलाची रोपे उगवतील.